ताई, एकवीस दिवस झाले, सवय कुठाय?

मागच्या अंकात सवयींबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि पत्रांचा नुसता पाऊस पडला. वाचताना एक गोष्ट सारखी खटकत होती, जवळजवळ प्रत्येकाने प्रश्न विचारायच्या आधी स्वतःला दोन शिव्या घातल्यात. मी आळशी आहे, माझ्यात जिद्दच नाही, माझं मन कमकुवत आहे वगैरे. या पत्रांत मला तरी आळशी कोणी दिसलं नाही. चुकीच्या जागी जोर लावून दमलेली माणसं मात्र खूप दिसली. पाच पत्रं घेतलीत, बाकीच्यांनी रागावू नका.

ताई, मी ३४ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. १ जानेवारीला ठरवलं की रोज सकाळी साडेपाचला उठून टेकडीवर जायचं. ऑफिसच्या ग्रुपवर २१ दिवसांचं चॅलेंज होतं, ते पूर्ण केलं, फोटोसकट सर्टिफिकेट आलं. २४ व्या दिवशी मेव्हण्याच्या लग्नाला गेलो, दोन दिवस बुडाले आणि मग गेलोच नाही. पाडव्याला परत सुरुवात केली, ९ दिवस टिकलं. रात्री अकरापर्यंत कॉल असतात, तरी मी उठत होतो हो! २१ दिवसांत सवय लागते म्हणतात, मग मलाच का लागत नाही?

दादा, नव्याचे नऊ दिवस तुम्ही अगदी मोजून पाळलेत, त्याबद्दल आधी अभिनंदन.

आता त्या २१ दिवसांचं बघू, कारण या आकड्याने जेवढ्या लोकांना अपराधी वाटायला लावलंय तेवढं शेजाऱ्यांनीही लावलं नसेल. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. त्यांच्या लक्षात आलं की नाकाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला साधारण २१ दिवस तरी लागतात. १९६० साली त्यांनी ते पुस्तकात लिहिलं, आणि लिहिताना ‘कमीत कमी’ असं लिहिलं होतं. पुढे लोकांच्या तोंडून फिरता फिरता ‘कमीत कमी’ गळून पडलं, नाक पण गळून पडलं आणि राहिलं काय तर २१ दिवसांत कुठलीही सवय लागते. म्हणजे टेकडी चढण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

खरंच मोजून बघितलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ९६ लोक घेतले, प्रत्येकाने एकच छोटी गोष्ट निवडायची आणि ती दिवसातल्या एका ठरलेल्या प्रसंगाला बांधायची, म्हणजे कोणी दुपारच्या जेवणाबरोबर एक फळ, कोणी रात्रीच्या जेवणाआधी १५ मिनिटं पळणं, असं १२ आठवडे. आणि रोज विचारायचे की आज हे न ठरवता आपोआप झालं का. मधला आकडा आला ६६ दिवस. पण माझ्या मते खरी गंमत त्या ६६ मध्ये नाहीच, ती आहे दोन टोकांत, कोणाला १८ दिवस पुरले आणि कोणाचा हिशोब २५४ दिवसांपर्यंत गेला (अभ्यास ८४ दिवसांचाच होता, त्यामुळे हे पुढचं गणिताने काढलेलं आहे). आणि व्यायामवाल्यांना खाण्यापिण्यावाल्यांपेक्षा साधारण दीडपट वेळ लागला. तुम्ही २४ व्या दिवशी स्वतःला नापास केलंत, पेपर अजून अर्धाही सुटला नव्हता.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्या मेव्हण्याच्या लग्नासाठी. एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर म्हणण्यासारखा फरक पडत नव्हता. मग तुमचं गाडं कशामुळे घसरलं? दोन दिवस चुकल्यामुळे नाही, चुकल्यावर तुम्ही जे मनाशी म्हणालात त्यामुळे. १९७५ साली डाएट करणाऱ्या मुलींवर एक प्रयोग झाला होता, आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग आइस्क्रीम पुढे ठेवलं. ज्या डाएट करत नव्हत्या त्यांनी पोट भरलंय म्हणून आइस्क्रीम कमी खाल्लं. डाएटवाल्यांनी उलट जास्त खाल्लं! आता मोडलंच आहे तर मोडूच दे. आपल्याकडे एकादशीला चुकून पोळीचा घास गेला की मग दुपारी भजी पण होतात, तेच हे.

आता कामाचं बोलू. ‘टेकडी’ ही एक सवय नाहीये, त्यात अलार्म आहे, अंथरूण सोडणं आहे, अंधारात मोजे शोधणं आहे, गाडी काढणं आहे, चढ आहे. हे सगळं एकदम आपोआप होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. आपोआप व्हायला हवा तो फक्त पहिला तुकडा, तोंड धुतलं की बूट पायात. बूट चढवून माणूस परत झोपत नाही सहसा. म्हणून रात्री बूट आणि मोजे बेसिनपाशी ठेवा, बायको ओरडेल, तिला हे पत्र दाखवा. आणि ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ असं वाक्य आधीच ठरवून ठेवा. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी हा विषय मांडला, २००६ साली अशा ९४ अभ्यासांचा एकत्र हिशोब केला गेला आणि नुसतं ‘मी व्यायाम करणार’ म्हणण्यापेक्षा ‘कधी, कुठे, कशानंतर’ हे ठरवणारे बरेच पुढे निघाले. तुमचं वाक्य असं हवं की गावाला गेलो तर पहिल्या चहाच्या आधी १० मिनिटं रस्त्यावर चालून येईन. लग्नघरात कार्यालयाबाहेर दहा मिनिटं चाललं तर कोणी वरात अडवत नाही.

पाडव्याला परत सुरू केलंत ते उत्तम केलंत, त्यात लाजायचं काही नाही. नवीन वर्ष, नवा महिना, सोमवार, वाढदिवस अशा दिवसांनंतर लोक खरंच जास्त जोमाने कामाला लागतात, २०१४ च्या एका अमेरिकन अभ्यासात जिमच्या हजेरीत हे स्पष्ट दिसलं होतं. मुहूर्त ढकलून देतो, पुढे चालायचं मात्र आपल्याला असतं.

आणि एक भोचकपणा करते. अकरापर्यंत कॉल, मग जेवण, मग मोबाइल, म्हणजे झोपायला साडेबारा. पाच तास झोपून साडेपाचला उठायची सवय लागली नाही ही तुमच्या शरीराने केलेली शहाणपणाची गोष्ट आहे. टेकडी संध्याकाळीही तिथेच असते हो.

ताई, माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, बीपीची गोळी रोज सकाळी. आठवड्यातून दोनदा तरी विसरतात, आणि एकदा तर घेतलेली आठवली नाही म्हणून परत घेतली. ‘गोळी घेतली का’ विचारलं की चिडतात. सवय लागली की प्रश्न सुटेल ना?

अर्धा सुटेल आणि अर्धा वाढेल, आणि हे सहसा कोणी सांगत नाही. सवय लागली की हात चालतो, मन दुसरीकडे असतं. आपण कुलूप लावून चार पायऱ्या उतरतो आणि परत वर जाऊन ओढून बघतो, तेच. म्हणजे त्यांना सवय नाही म्हणून विसरतात हे खरं, पण दोनदा घेतली ती बहुतेक सवय लागायला लागलीय म्हणूनच! त्यामुळे आठवणीवर काहीच सोडू नका. सोमवार ते रविवार असे कप्पे असलेली गोळ्यांची डबी मेडिकलमध्ये मिळते, रविवारी दुपारी दोघींनी मिळून भरा. मंगळवारचा कप्पा रिकामा म्हणजे घेतली, विषय संपला, विचारायचीच गरज नाही आणि चिडायचीही.

डबी कुठे ठेवायची ते महत्त्वाचं. देव्हाऱ्यापाशी, चहाच्या डब्याला टेकून, जिथे त्यांचा हात रोज न चुकता जातो तिथे. औषधांच्या कपाटात नको, कपाट उघडायचं आठवावं लागतं. फक्त एक बघा, थायरॉइडची गोळी पण असेल तर ती उपाशी पोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घेतात, ती चहाला बांधू नका, ती उशापाशी पाण्याच्या तांब्याला बांधा. आणि गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, काय करायचं ते त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून डबीच्या झाकणावरच चिकटवून टाका.

मी ४१ वर्षांचा, मूळचा सांगली जिल्ह्यातला, पिंपरीत कंपनीत आहे. तंबाखू सोडून दोन वर्षं झाली. पिंपरीत आठवणपण येत नाही, कंपनीत पोरं खातात तरी नाही. पण गावी जत्रेला गेलो, पारावर बसलो, चुलत भावाने चंची काढून मळायला घेतली की माझा हात आपोआप पुढे जातो. बार भरल्यावर कळतं की काय केलं. परत आलो की चार दिवसांत बंद. मी खरंच सोडलीय का नाही?

दादा, या महिन्यातलं मला सगळ्यात आवडलेलं पत्र तुमचं. आधी माझी एक गोष्ट सांगते. आम्ही फ्लॅट बदलला. जुन्या घरात बाथरूमच्या दिव्याचं बटण दाराबाहेर डाव्या हाताला होतं, नव्यात उजवीकडे आतमध्ये. चार महिने मी रात्री उठून डावीकडची कोरी भिंत चाचपडायचे. मग सुटलं. परवा जुन्या सोसायटीत त्या फ्लॅटच्या नव्या मालकिणीकडे हळदीकुंकवाला गेले, हात धुवायला उठले, बोलता बोलताच हात डावीकडे गेला आणि दिवा लागला. तीन वर्षांनी! ती सवय गेली नव्हती, त्या भिंतीपाशी माझी वाट बघत थांबली होती.

तुमचंही तेच आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना चक्रव्यूहात एक वाट शिकवली, मग बक्षीस बंद करून ती सवय मोडली. मेंदूत त्या सवयीची जी खूण उमटत होती ती गेली असं वाटलं. पण बक्षीस परत सुरू केल्याबरोबर तीच खूण परत हजर. जुनी सवय पुसली जात नाही, वर दुसरं काहीतरी लिहिलं जातं.

मग काय, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही का? तसंही नाही, आणि याला पुरावा युद्धातून आलाय. व्हिएतनाममध्ये असताना अमेरिकेचे साधारण पाचातला एक सैनिक हेरॉइन-अफूच्या आहारी गेला होता. १९७१ मध्ये हे कळल्यावर वॉशिंग्टनमध्ये एकच घाबरगुंडी, आता हे सगळे नशेबाज होऊन घरी येणार. ली रॉबिन्स नावाच्या बाईंवर त्यांचा माग काढायचं काम सोपवलं. घरी परतल्यावर पहिल्या वर्षाच्या आत त्या व्यसनी सैनिकांतले परत व्यसनात पडले ते फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. लोकांचा विश्वासच बसेना, रॉबिन्स बाईंना बरंच ऐकून घ्यावं लागलं. मायदेशी हेरॉइन महाग होतं, पकडलं जायची भीती होती, ही कारणं होतीच. पण तो तंबू, तो कंटाळा, ती भीती, ते सोबती, हे सगळंच मागे राहिलं होतं. तुमचं पिंपरी म्हणजे त्यांची अमेरिका. पार म्हणजे तुमचं व्हिएतनाम. फरक एवढाच की सैनिकांना परत जावं लागलं नाही आणि तुम्हाला दरवर्षी जत्रेला जायचंय, गेलंच पाहिजे.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर, होय, पिंपरीत सोडलीय. पारावर अजून सोडायचीय. ते वेगळं काम आहे आणि ते पारावरच करावं लागतं. भावाने चंची काढायच्या आधी, म्हणजे एसटीतून उतरल्या उतरल्याच त्याला सांगा की मला देऊ नकोस आणि माझ्यापुढे हात करू नकोस. मळताना तो तुमच्या कुठल्या बाजूला बसतो बघा, तुम्ही जागा बदला, समोर बसा, खांद्याला खांदा लावून नको. आणि खिशात बडीशेप किंवा लवंग ठेवा, कारण त्या क्षणी हाताला काहीतरी करायला लागतं, रिकामा हात हमखास पुढे जातो. त्याने टाळी मारून चुना झाडला की तुम्ही बडीशेप तळहातावर घ्यायची, हे आधी घरी चार वेळा करून बघा, हसू येईल, येऊ द्या. सुपारी मात्र नको. तंबाखू सोडून सुपारीवर गेलेले मी खूप पाहिलेत, पण सुपारीसुद्धा कॅन्सरला कारण ठरते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरविषयक संस्थेने २००४ सालीच तिला पक्क्या कारणांच्या यादीत घातलंय.

निकोटीनचं व्यसन ही नुसती सवय नाही, शरीराची मागणी असते, तुमची ती दोन वर्षांत बरीच सुटलेली दिसते. पण प्रत्येक जत्रेत चार दिवस तिला खाऊ घालणं म्हणजे विस्तवाशी खेळ आहे. सरकारची तंबाखू सोडण्यासाठी मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११२-३५६, जत्रेच्या आठवडाभर आधी फोन करा. आणि इतकी वर्षं खाल्लीय तर आरशात तोंड आतून बघत जा, पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारं तोंड आलेलं, किंवा तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल तर दातांच्या डॉक्टरांकडे लगेच जायचं, पुढच्या जत्रेपर्यंत थांबायचं नाही.

ताई, माझी मुलगी ९ वर्षांची, वाचत नाही. एका पुस्तकाला २० रुपये लावलेत. सध्या धडाधड वाचतेय, पण नवरा म्हणतो हे चुकतंय.

नवरा बरोबर आहे, त्याला सांगू नका. १९७३ साली स्टॅनफर्डमध्ये बालवाडीच्या मुलांवर प्रयोग झाला होता, ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं त्यांना आधी सांगून सोनेरी चांदणी लावलेलं सर्टिफिकेट दिलं. एक-दोन आठवड्यांनी तीच पेनं मोकळेपणी ठेवली तर बक्षीसवाली मुलं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ त्यांच्याकडे वळली. ज्यांना बक्षीस अचानक दिलं होतं त्यांचं काही बिघडलं नाही. अर्थात ती मुलं मुळात आवडीने काढत होती, तुमच्या मुलीला आवडच नसेल तर सुरुवातीच्या धक्क्याला २० रुपये इतके वाईट नाहीत, फक्त आता हळूच बंद करा. झोपताना दोघी एकाच पांघरुणात, ती तिचं पुस्तक, तुम्ही तुमचं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. तुमचं पण. आणि पातळ पुस्तकं निवडून पैसे कमावतेय का ते बघा, ९ वर्षांची आहे म्हणजे हिशोब पक्का असणार.

मी नागपूरचा, निवृत्त, वय ६४. शुगर बॉर्डरवर आहे. रात्री सातच्या बातम्या लागल्या की शेव-चिवड्याचा डबा मांडीवर येतो. भूक नसते. परवा तर शेव खवट झालेली होती, तरी निम्मा डबा संपला तेव्हा कळलं. बायको म्हणते, तुमच्यात संयमच नाही.

काका, खवट शेवेचं जे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत ना, त्यावर अख्खा प्रयोग झालाय! वेंडी वुड या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली सिनेमा बघायला आलेल्यांना फुकट पॉपकॉर्न वाटले, काहींना ताजे आणि काहींना आठवड्याचे शिळे. ज्यांना थिएटरात पॉपकॉर्न खायची सवय होती त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले, आणि विचारल्यावर म्हणाले की घाण होते. तेच शिळे पॉपकॉर्न मीटिंगच्या खोलीत दिले तेव्हा त्यांनी बाजूला ठेवले. आणि थिएटरातच पण उलट्या हाताने खायला लावलं तर खाणं परत चवीप्रमाणे झालं. म्हणजे तुम्ही शेव खात नाही आहात, सातच्या बातम्या खातायत, तुमच्या हाताने.

आता काकू म्हणतात त्या संयमाबद्दल. संयम बॅटरीसारखा दिवसभरात उतरतो असं १९९८ पासून सगळे म्हणत होते, मीही क्लायंटना सांगायचे, पण २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून त्यावरचा एक प्रयोग परत केला तर हाताला जवळजवळ काहीच लागलं नाही. आणि २०१२ मध्ये जर्मनीत २०५ लोकांना दिवसभर विचारत राहिले की आत्ता कसला मोह होतोय, तर जे संयमी म्हणून ओळखले जातात ते मोहाशी जास्त लढत नव्हते, त्यांना असे झगडे करावेच कमी लागत होते. म्हणजे डबा मांडीवर ठेवून संयम दाखवायची परीक्षा त्यांनी दिलीच नसती.

तेव्हा सातला खुर्ची बदला, टीव्हीपासून लांब जेवणाच्या टेबलाशी बसून बातम्या ऐका, अर्ध्या बातम्या तशाही ऐकण्यापुरत्याच असतात. हाताला काहीतरी लागणारच, भुईमुगाच्या शेंगा घ्या, सोलाव्या लागतात म्हणून वेग आपोआप कमी होतो, पण वाटीत मोजून, परातीत नाही. पहिले दोन-तीन आठवडे चुकल्यासारखं होईल, हात मांडीवर डबा शोधेल, शोधू दे. आणि शेवेचा डबा माळ्यावर ठेवायचं काम काकूंना सांगू नका. स्टूल घ्या आणि तुम्हीच चढवा, काढायचा झाला तर परत तुम्हालाच चढावं लागेल.